तपासणीच्या आदल्या दुपारची बीअर

बारा मार्च. सकाळी कामतघरच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून मी माझ्या रिपोर्टांचे तीन-तीन संच काढून घेत होते. दुपारी चारचं चेन्नईचं विमान होतं. माझा धाकटा भाऊ तिथल्या इस्पितळात होता, यकृत निकामी झालेलं. माझ्या यकृताचा तुकडा त्याला द्यायचं ठरलं होतं आणि त्याआधीची माझी शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. भावजयीचा रक्तगट जुळला नव्हता, बहिणीला साखर, मोठ्या भावाच्या यकृतावर चरबी. राहिले मी. माझ्यानंतर कुणी नव्हतं.

आमच्याकडे लग्नाच्या हळदीला बाया-पुरुष सगळे दारू घेतात. हा धाकटा एकटाच जन्मात थेंबाला न शिवलेला. त्याला कावीळ झाली आणि ती आतल्या आत मुरत गेली. राहनाळच्या ज्या गोदामात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे, तिथली एक जण म्हणाली, "न पिणाऱ्याचंच लिव्हर गेलं, आता आमच्या नवऱ्यांना काय बोलायचं?" तेव्हा मीही हसले होते.

यकृत देणाऱ्यांचं सगळं बघणाऱ्या इस्पितळातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं: दारू, तंबाखू, काढे, सगळं बंद. काढ्याची बाटली मी त्याच दिवशी मोरीत ओतली. दारूचा प्रश्नच नव्हता. यंदा घरात लग्न नव्हतं.

एअरपोर्टवर बहीण सोबत होती. बॅग तपासणीच्या पट्ट्यावर ठेवताना माझे हात असे थरथरत होते की तिथल्या जवानाने विचारलं, "तबीयत ठीक है?" विमानाची भीती नव्हती. पोट फाडणार याची होती, आणि त्याहून जास्त, "तुमचं चालणार नाही" असं कोणी म्हणेल याची.

आत बसायला जागा मिळाली ती एका बीअरच्या दुकानात. भिंतीत नळ बसवलेले, त्यातूनच ग्लास भरून देत होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, ये लोकल है, यहीं नवी मुंबई में बनती है. गेहूं, संतरे का छिलका, थोडा धनिया."

"गव्हाची हाय गो ताई," बहीण म्हणाली. "आंबील समज नि पी. हात तरी थांबतील तुझे."

"नि तू?"

"मना साखर हाय. मी तुझ्याकडं बघून झिंगते."

ग्लास आला. गढूळ पिवळी बीअर, वर जाड फेस. आधी संत्र्याचा वास, मग मागून धण्याची चव, आणि घशातून खाली जाईपर्यंत थंड. मला आवडली. आमच्याकडे बीअरला दारूत कोणी धरत नाही. दारू म्हणजे पाणी घालून घ्यायची ती. मीही धरली नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. काचेपलीकडे विमानं हळूहळू सरकत होती आणि मी फेस चाटत बसले होते.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"ताई, बसलीस का विमानात?"

"न्हाय, वेळ हाय अजून."

"काय करतेस मग?"

"चहा घेते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि ग्लासाकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त संपला होता. चहा का म्हणाले मी? त्याच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तर बीअर म्हणायला हवं होतं.

"बीअर दारूतच धरत असतील का गो, इस्पितळात?" मी विचारलं.

बहिणीच्या तोंडावरचं हसू गेलं. "एका ग्लासानं काय होतंय?"

"तुला माहीत हाय का, काय होतं ते?"

ती हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको. चहाच घेतलास तू."

उरलेली मी तशीच ठेवली. विमानात पहिल्यांदाच बसले, पण खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. पाणी मागून मागून प्यायले, चार वेळा लघवीला उठले, जशी काही बीअर धुऊनच जाणार होती. रक्तात दिसलं तर मला काढून टाकतील. नाही दिसलं आणि मी गप्प राहिले, आणि पुढे त्याला काही झालं, तर? बहीण शेजारी डोळे मिटून बसली होती, पण झोपलेली नव्हती.

सकाळी सात वाजता रक्त घेणाऱ्या नर्सने दंडाला पट्टा बांधला. मी तो सोडवला आणि फोनवरच्या त्या बाईंना बोलावून घ्यायला सांगितलं. त्या आल्यावर म्हटलं, "कल दोपहर को बीअर पी मैंने. आधे ग्लास से ज्यादा."

त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरांना विचारून आल्या. तपासणी चार दिवस पुढे. भाऊ तेवढं थांबेल का, हे मी विचारलं. "देखेंगे," त्या म्हणाल्या.

मग मी वर त्याच्या खोलीत गेले. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चहाचं खोटंसुद्धा.

"चांगली होती का?" त्याने विचारलं.

"चांगली होती," मी म्हटलं. मग खाली जाऊन त्या बाईंकडून तपासणीची नवी तारीख कागदावर लिहून, त्यांची सही करून घेतली.