हळदीकुंकवातला प्रयोग

"अहो, पोचले वर्गात. सगळी पोरं आपल्या रोहनपेक्षा लहान आहेत. आणि माझ्या पुढे एक मुलगी बसलीये, ती जिवंत आहे की नाही तेच कळत नाही. मघापासून हललेलीच नाही!"

ती मुलगी मी होते. टोकियोच्या युनिव्हर्सिटीतला पहिला आठवडा, सायकॉलॉजीचा पहिला तास, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी फोनवर चक्क मराठीत बोलत होतं. मागे वळून "मला मराठी येते" असं सांगणं काही कठीण नव्हतं. पण आपणहून कुणाशी बोलायला जाणं मला शाळेपासून जमलेलं नाही, त्यामुळे मी आणखीच घट्ट बसून राहिले. पुढचे काही दिवस तास सुरू होण्याआधीच्या त्या फोनवरून मला वर्गातल्या प्रत्येकाबद्दलचं त्यांचं मत कळत गेलं. सरांना घरी कुणी इस्त्री करून देत नसावं, कोपऱ्यातली दोघं भांडलेली दिसतात, आणि पुढची मुलगी आज जेवलेली नाही. हे शेवटचं इतकं खरं होतं की मला हसू फुटलं. मागे फोन पटकन बंद झाला. मग खांद्यावर एक टिचकी बसली. "अगं लबाडे!" एवढंच म्हणून त्यांनी थालीपिठाचा डबा पुढे केला.

उज्ज्वला काकू टिपणीस. त्यांना जाऊन आता दीडएक महिना झाला, तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे लग्नानंतर लगेच त्या जपानला आल्या, तेव्हा पुण्यात बी.ए.चं एकच वर्ष झालेलं होतं. मुलगा रोहन मोठा होऊन नागोयाला नोकरीला लागला, आणि काकूंनी सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षात नाव घातलं. "आता माझ्यावर प्रयोग होणार," असं टिपणीस काका सगळ्यांना सांगत. "परवा माझी पर्सनॅलिटी टेस्ट घेतली हिने. नापास झालो." वर्गातली जपानी मुलं त्यांना आदराने टिपणीस-सान म्हणत आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याभोवती गोळा होत, कारण त्यांच्या नोट्स चांगल्या असत आणि खाऊ त्याहून चांगला.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडविषय पक्का करावा लागतो. माझं आमच्या घरी केव्हाच ठरलेलं होतं. बाबा कावासाकीत आयटीत आहेत. ते म्हणाले होते, "इकॉनॉमिक्स मेजर, सायकॉलॉजी मायनर. नोकरीही होईल, हौसही होईल." मी ओके बाबा म्हटलं होतं. मी बहुतेक सगळ्यालाच ओके म्हणते, त्यामुळे आमच्या घरात कधी वाद होत नाहीत. सायकॉलॉजीच्या तासाची मी आदल्या दिवसापासून वाट बघते आणि इकॉनॉमिक्सच्या तासाला घड्याळ बघते, हे फक्त काकूंना ठाऊक होतं. तेही मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ओळखलं होतं.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात आम्हा दोघींना मिळून एक प्रयोग करायचा होता. माणसांना शब्दांची एक यादी वाचून दाखवायची आणि थोड्या वेळाने आठवतील तेवढे शब्द त्यांना लिहायला सांगायचे. निम्म्यांना शांततेत, निम्म्यांना गाणी चालू ठेवून. पण माणसं आणायची कुठून? वर्गातली मुलं आपापल्या बाइतोत, म्हणजे पार्टटाइम कामात, अडकलेली. काकू म्हणाल्या, "बायका मी आणते. संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच."

आणि त्यांनी खरोखरच हळदीकुंकवात प्रयोग लावला. बाहेरच्या खोलीत तिळगूळ, वाण, बटाटेवडे. आतल्या खोलीत मी, शब्दांची यादी आणि स्टॉपवॉच. एकेक बाई आत येई, मी शब्द वाचून दाखवी. "मोठ्याने वाच गं," एक वहिनी म्हणाल्या, "मी काय तुझी सासू आहे का, एवढं घाबरायला?" दुसऱ्या एक आजी पेपर देताना "काढून टाक बाई चुका" असं म्हणून माझ्या हातात तिळाचा लाडू ठेवून गेल्या. मी खूश होते. बायका सुरेख लिहीत होत्या. जसजशी दुपार सरत गेली, तसतशा त्या आणखीच सुरेख लिहायला लागल्या.

दोन दिवसांनी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून बसले, तेव्हा मला ते दिसलं. जी जितकी उशिरा आत आली, तिला तितके जास्त शब्द आठवले होते. गाणी असोत वा नसोत. आणि शेवटच्या नऊ जणींनी एक शब्द असा लिहिला होता, जो आमच्या यादीत नव्हताच... कढीपत्ता.

"काकू, बाहेर कढीपत्त्याबद्दल काही बोलणं झालं होतं का?"

काकू थबकल्या. मग हातातला चहा खाली ठेवून हसत सुटल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आतून बाहेर आलेली प्रत्येक बाई पुढचीला शब्द सांगत होती. नंतर नंतर तर सगळ्या मिळून पाठच करत होत्या. त्यातच कुणीतरी ताजा कढीपत्ता कुठे मिळतो ते विचारलं, आणि तोही पाठांतरात शिरला. "आणि मी काय करत होते? त्यांना वडे वाढत होते!" काकू म्हणाल्या. "मी आपली कौतुकाने बघत होते, किती मनावर घेतलंय सगळ्यांनी!"

प्रयोग पुरता फसला होता. आम्ही जसं झालं तसं लिहून दिलं. सरांनी बेताचेच मार्क दिले, पण वर्गात एक प्रश्न विचारला. त्या बायकांनी एकमेकींना शब्द सांगितले ते का? बक्षीस नव्हतं, पास-नापास नव्हतं. त्या प्रश्नावर आम्ही पुढे कित्येक दिवस परतीच्या ट्रेनमध्ये बोलत राहिलो. ट्रेनमध्ये सगळे गप्प, आणि आम्ही दोघी डोकी जवळ आणून कुजबुजतोय. मी आयुष्यात एवढं कुणाशी बोललेले नाही, आणि मराठीत तर नाहीच. घरी आई-बाबा मराठीत विचारतात आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर देते. काकूंना ते चालत नसे. "शब्द अडला तर थांब, मला घाई नाही," म्हणायच्या.

त्यांचं उत्तर असं होतं, "कुणी मागे राहू नये म्हणून सांगितलं गं. आणि तुझ्यासाठीही. एवढी लाजरीबुजरी मुलगी विचारतेय, तर तिला हवं ते उत्तर मिळायला नको?"

मेजर ठरवायचे दिवस जवळ आले, तसं मला वाटायला लागलं की काकूंनी मला विचारावं. त्या विचारेनात. एकदा स्टेशनवर शेवटी मीच म्हटलं, "काकू, मी काय घेऊ?" त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार, आणि विचारणारही नाही. विचारलं तर तू मला बरं वाटेल तेच बोलशील. बाबांशी तेच करतेस ना? तो बिचारा आनंदात आहे, हळदीकुंकवात तू होतीस तसा. त्याच्या कागदावर सगळी उत्तरं बरोबर." मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी पाठीत एक धपाटा घातला. "चल, गाडी आली." कावासाकीला उतरून त्या नेहमीसारख्या न वळता, हात मात्र हलवत, जिन्याकडे गेल्या. ती आमची शेवटची भेट.

तीन-चार दिवसांनी दोन लेक्चरच्या मधल्या सुट्टीत फोनवर त्यांचं नाव दिसलं. बोलत होते काका. "अनू... तुझी काकू गेली गं पहाटे. हार्ट अटॅक." मग अगदी हळू, "तिची उद्या काहीतरी असाइनमेंट होती ना? सरांना कळवशील?" मी सरांच्या खोलीत जाऊन कळवलं. तो निरोप देताना मी एकदाही अडखळले नाही, याचं नंतर नवल वाटलं.

मागच्या आठवड्यात विषय नोंदवायचे होते. रात्रीच्या जेवणाला बाबांनी सहज विचारलं, "झालं का रजिस्ट्रेशन? इकॉनॉमिक्स मेजर, सायकॉलॉजी मायनर?" ओके म्हणायला तोंड उघडलंही होतं... पण मी थांबले. बाबा माझ्याकडे बघत होते, आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. त्यांना काय ऐकायचंय ते मला नीट माहीत होतं. नोकरी, पगार, पुढचं शिक्षण, या सगळ्याची उत्तरं मी इंग्लिशमध्ये तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. शब्द मराठीत आले, आणि बरेच मोठ्याने.

"नाही बाबा. मी सायकॉलॉजी मेजर घेतेय. पुढे काय करेन ते मला अजून माहीत नाही... पण मला ते थोडंसं नाही हो आवडत. मला ते खूप आवडतं."