बाबांची दर्यातली जागा

डॉक्टरबाई काल गेल्या. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

सकाळपासून मोबाइलवर त्यांचा एकच फोटो फिरतोय, खाली लिहिलंय, "मत्स्यविकासाचा आधारवड हरपला."

विकास म्हणे! हे लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या बंदरावर येऊन बघावं. बोंबील वाळवायचे बांबू तेवढे उभे आहेत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. मी ऐन विशीतली, आईबरोबर अंधेरीच्या बाजारात म्हावरं विकायचे.

डॉक्टरबाई, म्हणजे वासंतीबाई, सरकारी मत्स्य खात्यात मासळीवर संशोधन करायच्या. बाईमाणसाला होडीवर घेत नाहीत, म्हणून साडी खोचून काठावरच्या चिखलात उभ्या राहायच्या. जाळं रिकामं झालं की खालचा केर चिवडायच्या. माशांची पोटं फाडून अंडी बघायच्या.

आई म्हणायची, "ही डाक्टरीण हाय का मांजर गो?"

बाई हसायच्या. मग आमच्याच ओट्यावर बसून आमच्यातलाच चहा प्यायच्या.

आमची डोल होती. डोल म्हणजे समुद्रात खांब रोवून बांधलेलं मोठ्या पिशवीसारखं जाळं. खांबांची जागा पिढीजात, बापाकडून लेकाला मिळालेली. काठावरच्या दोन खुणा जुळल्या की ती सापडते.

त्या खुणा घराबाहेर सांगत नाहीत. जावयालासुद्धा नाही.

बाईंच्या लक्षात आलं की बाबांच्या जाळ्यात अंड्यावरची मासळी नि बारीक पिल्लं सगळ्यांत जास्त येतात. त्याच सुमारास ट्रॉलर यायला लागले होते, तळ खरवडून नेणारे.

बाई बाबांना म्हणाल्या, "जागा नेमकी दाखवता आली, तर तिथे ट्रॉलरना बंदी घालायला लावते. माझा शब्द."

आई भडकली. "घराची जागा लोकांना सांगतान काय?"

बाबा म्हणाले, "ती लोकांतली नाय आता."

आणि सांगितल्या खुणा. माझ्यासमोर.

बाईंनी नकाशा काढला, रिपोर्ट लिहिला, खात्यातल्या आपल्या साहेबांकडे दिला.

साहेबांनी बंदीचं पान बाजूला ठेवलं. नकाशा मात्र ट्रॉलरवाल्यांना वाटला. 'मासळीची उत्तम जागा' म्हणून!

आम्हाला कळलं कसं? एका ट्रॉलरच्या तांडेलानेच, बोट चालवणाऱ्यानेच, बंदरावर हसत सांगितलं, "नकाशा खात्यानं दिलाय, आमच्यावर कशाला डाफरता?"

तोवर खांब मोडले होते. जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. दोन हंगामांत तिथे पिल्लू दिसेना.

बाई साहेबांशी भांडल्या. बदली झाली, परत आल्या, पुन्हा भांडल्या. हे मला फार नंतर कळलं.

तेव्हा एवढंच दिसलं, की एक दिवस त्या बाजारात आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. आईची बोहनीसुद्धा झाली नव्हती. बोहनीच्या वेळी गिऱ्हाईक परतवायचं नाही, ही आमची रीत.

आईने पाटीवर फडकं टाकलं. "म्हावरं नाय."

फडक्याखालून पापलेटांच्या शेपट्या दिसत होत्या. शेजारणींनीही आपापल्या पाट्या झाकल्या. बाई तशाच रिकाम्या पिशवीने गेल्या.

बाबा एकटेच कधी रागावले नाहीत. म्हणायचे, "लिवणारीचा काय गुना? वाचणारा चोर निंगाला."

मला नाही पटलं. अजून नाही पटत. बाई शिकलेल्या होत्या, त्याच खात्यात होत्या. आपला कागद कोणाच्या हातात जाणार, हे त्यांना कळायला नको?

बाबा गेले तेव्हा त्या आल्या होत्या. लांब, भिंतीपाशी उभ्या. कोणी पाणी विचारलं नाही.

नंतर दर नारळी पुनवेला त्यांचा फोन यायचा. "नारळ सोडला का गं?" मी "हो" म्हणायचे नि ठेवायचे. इतकी वर्षं, तेवढंच.

ज्या साहेबांनी नकाशा वाटला, ते मानाने निवृत्त झाले. त्यांच्यासमोर कोणी पाटी झाकली नाही.

आज दुपारी बाईंच्या भाच्याचा फोन आला.

"मावशी, आत्याची शेवटची इच्छा होती. अस्थी तुमच्या बाबांच्या जागेवर सोडायच्या. म्हणायची, वाटोळं माझ्यामुळे झालं, मला तिथेच टाका. तुम्ही फक्त लोकेशन पाठवा ना, आम्ही बोट करतो."

लोकेशन!

दोन खुणांपैकी टेकडी अजून आहे. दुसरी खूण माडाची; त्या जागी टॉवर आलाय, पण कुठला ते मला ठाऊक आहे. घरात आता मला एकटीलाच.

मी म्हटलं, "पाठवणार नाही."

मीच पुढे सांगितलं,

"कलश घेऊन ये. भावकीतला एक जण होडी काढेल, पुढे बसून खुणा मी मनातच जुळवेन. तू काठावर थांबायचं."

"पण मावशी, मी तिच्या घरचा..."

"तू तिच्या घरचा. जागा माझ्या घरची."

उद्या जाते. आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसणार आहे.

डॉक्टरबाई, माफ केलेलं नाही. पण बाबा तुम्हाला लोकांतली मानत नव्हते, म्हणून नेते.

या वेळी जागा कोणाला सांगणार नाही. पडा निवांत.