मेंढीचं माहेरपण

बाळंतपणातलं माझ्या थोरल्या भाऊजींना जितकं कळतं, तितकं अख्ख्या खामगाव तालुक्यात एकाही बाईला कळत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी चार मेंढ्या घेतल्या आणि गोठ्याचं माहेर करून टाकलं. मेंढी गाभण राहिली की तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. व्याली की ताईच्या जुन्या लुगड्याचं फडकं तिच्या कानांना बांधायचं, ओव्या-शेपाची धुरी द्यायची, आणि पाहायला येणाऱ्यानं आधी पाय धुवायचे. शेजारच्या म्हातारीनं एकदा पाचवीही पुजता का म्हणून टोमणा मारला, तर जुळं असेल तर पुजायला हरकत नाही, असं भाऊजींनी गंभीरपणे सांगितलं. चरायला बाळंतिणीला नाल्याकाठचं ओलं, कोवळं गवत. बाकीच्यांनी बांधावर फिरावं. कडू वर्ज्य, म्हणून जंताचं औषधही वर्ज्य. माझं दुकान जनावरांच्या औषधांचंच. पण साळ्यानं भाऊजींना शिकवू नये, ही आमच्याकडची रीत. मी ती फार निष्ठेनं पाळली.

यंदा त्यांच्या लाडक्या मेंढीला जुळं झालं. मी पाहायला गेलो, तर भाऊजींनी तिचं तोंड वर करून दाखवलं. जबड्याखाली मऊ पिशवी लोंबत होती.

"पाहा साळेबुवा, कसा गळा भरला. अंगी लागून राह्यलं तिले."

मी तिची पापणी उलटली. आत पांढरंफटक. गाभणपणात आणि अंगावर दूध असताना मेंढीचं जंतांशी भांडायचं बळ ओसरतं. ओल्या गवतावरून पोटात गेलेले, दबून असलेले जंत तेव्हाच उठतात आणि रक्त पितात. गळा भरला नव्हता, सुजला होता. कोकरं आटलेल्या आचळांना ढुशा देत होती. आणि मी म्हणालो, "हो, भरला खरा." वर पोटभर जेवून निघालो.

जळंबच्या वाटेवर रेल्वेफाटक बंद होतं. तिथं गाडी उभी असताना माझ्या सभ्यपणाची मलाच किळस आली. दुकानातून औषध घेऊन परतलो आणि म्हणालो, "भाऊजी, ते भरली नाही. मरून राह्यली."

"बाळंतीण हाय ते. तिले कडू पाजता?" भाऊजी उसळले. मग त्यांनीच पापणी उलटून पाहिली, आणि पाठ करून उभे राहिले.

ताईनं मेंढी मांडीशी आवळली, मी औषध पाजू लागलो. ताईची बाळंतपणं सासरीच झाली. भाऊजी ड्युटीवर असायचे, आणि सव्वा महिना व्हायच्या आत ती कापूस वेचायला जायची. त्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं. मीही नाही.

पाठमोरेच भाऊजी म्हणाले, "तुले तवा कोनी डिंकाचा लाडू तरी देल्ला होता काय वं?"

"आता काऊन इचारता? इकडे या, डोकं धरा तिचं. औषध सांडून राह्यलं."

मेंढी वाचली, कोकरंही तगली. नाल्याकाठचं चरणं बंद झालं; कानांचं फडकं मात्र आहे. परवा भाऊजी दुकानात आले. जंताचं औषध घेतलं, पिशवीत ठेवलं, आणि दारापर्यंत जाऊन वळले. खामगावात चांगला डिंक कुठं मिळतो, म्हणाले.

मी दुकान सांगितलं. कोणासाठी, ते विचारलं नाही.