नानांची चालती मढी

चांगलं काम करून लाज वाटावी, असं माझ्या बाबतीत एकदाच घडलंय. एरवी मी काम बिघडवूनच लाज मिळवतो, त्यात नवीन काही नाही.

नाना माझे चुलते. माणमधलं आमचं रान आयटी पार्कात गेलं. उरलेल्या तुकड्यावर आम्ही खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि काका-पुतणे दोघंही दुपारचे रिकामे झालो. एक भाडेकरू खोली सोडताना भला मोठा टीव्ही ठेवून गेला होता. त्यावर आम्ही झॉम्बींच्या मालिका बघायला लागलो. इंग्रजी दोघांनाही बेतास बात. पण झॉम्बींना बोलता येत नाही, त्यामुळे निम्मी मालिका तरी पूर्ण समजायची.

नाना त्यांना चालती मढी म्हणत. नानी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जित्या माणसाकडं बघाया येळ न्हाई, आन् मढी बघत बसल्यात."

"तुमाला ह्यात एवढं काय आवडतं?" असं मी एकदा नानांना विचारलं. तेव्हा माझ्या मते नाना झोपेतच होते. पण त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं.

"आपल्या भुतांना जागा लागायची. हडळ वडावर, आसरा हिरीत. वड पाडला, हीर बुजवली, मंग ती जाणार कुटं? ह्या मढ्यांचं बरं हाय. त्यांना पत्त्याची गरजच न्हाई. कंपनी आली तर कंपनीत फिरत्यात."

जगभर लोक झॉम्बी का बघतात, यावर पुढे मी मोबाइलवर बरीच पांडित्याची भाषणं ऐकली. नानांच्या पुढे कोणी गेलेलं नाही.

मग नाना आजारी पडले. मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा ते दवाखान्यात होते. दोघांनी मिळून बघायचं ठरलं होतं. मी दम धरला नाही, एकट्याने बघून टाकला. भेटायला गेलो की ते विचारायचे, "आला का रं?" मी म्हणायचो, "अजून न्हाई, नाना." त्या दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

नानांना मुलगा नाही. म्हणून दहाव्याला नदीच्या घाटावर डोकं चकोट करून पिंडाला मीच बसलो. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड मांडला आणि सगळे लांब सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते. समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते. खाली मात्र एकही उतरेना.

मग इच्छा पुरी करायची धांदल सुरू झाली. कोणी चहाचा कप ठेवला, कोणी तंबाखूची पुडी. माझे वडील हात जोडून म्हणाले, "दादा, बांधाचा वाद सोडला मी." नानांच्या मुली म्हणाल्या, "नाना, आमी सुखात हाओत." कावळा ढिम्म.

नानी मागे बायकांत बसली होती. शेजारीण तिला म्हणाली, "तुझ्यातच जीव आडकलाय गं त्यांचा." नानीने पदर डोळ्यांना लावला, पण त्या पदराआडून मला जे दिसलं ते दुःख नव्हतं. नवी नवरी लाजावी तशी ती लाजली होती. सगळ्या संसारात नाना तिच्याशी चार गोड शब्द बोलल्याचं मला तरी आठवत नाही. आता ते सगळ्या भावकीदेखत तिच्यासाठी अडून बसले होते.

वडील तिच्याकडे वळून म्हणाले, "वैनी, तूच बोल आता."

ती उठायला लागली. तेवढ्यात माझ्यातला शहाणा जागा झाला. खरी इच्छा फक्त मलाच माहीत होती ना. मी पिंडापुढे वाकून हळूच पुटपुटलो. पण आमच्याकडे कोणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडापुढे माइक धरायची पद्धत आहे. एका उत्साही पाहुण्याने तो धरला. त्यामुळे माझं पुढचं निवेदन साऱ्या घाटाने ऐकलं.

"नाना, मढ्यांचा शेवटचा भाग आलाय. तुमच्या फोटोम्होरं लावतो."

लोक हसले. दहाव्याला हसले. आणि हसणं थांबायच्या आत कावळा खाली आला, पिंडाला चोच मारून उडाला.

सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "गड्या, जिकलंस," एक म्हातारा म्हणाला. मी चकोट डोक्यावरून हात फिरवत छाती काढून मागे वळलो. नानी अर्धवट उठली होती ती तशीच खाली बसत होती.

घरी परतताना मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "नानी, कावळ्याला भूक लागली असंल. त्याचं काय मनावर घ्यायचं?"

"न्हाई रं," ती म्हणाली. "कावळा खोटं कशाला बोलंल? मढ्यातच जीव व्हता त्यांचा."

शब्द दिला होता, तो पाळावा लागणार होता. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी हार घातलेला फोटो खुर्चीवर ठेवला आणि भाग लावला. नानी न बोलावता येऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना. टीव्हीत एक मेलेला नवरा आपल्याच घरासमोर येऊन उभा होता आणि आतून त्याची बायको दाराला कडी लावत होती.

"ती कडी का लावतीया?" नानीने विचारलं.

"चावंल तो तिला."

"तिचाच नवरा न्हवं?"

"व्हता. आता वळखत न्हाई तिला."

"जिता आसताना तरी लई वळखत आसंल," नानी म्हणाली. मग खुर्चीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "मी घेतलं आसतं घरात."

टीव्हीतल्या बाईनेही तेच ठरवलं होतं. तिचा हात कडीकडे निघाला. दार उघडल्यावर तिचं काय होतं, ते मी बघितलेलं होतं. मी रिमोट दाबला आणि म्हणालो, "वायफाय गेलं, नानी."

वरच्या खोलीतला भाडेकरू त्याच वायफायवर कोणाला तरी इंग्रजीत मोठमोठ्याने समजावत होता.

नानीने छताकडे बघितलं. "गेलं व्हय," ती म्हणाली, आणि फोटो उचलून आत गेली.