आईच्या पानातल्या गोगलगायी

आईच्या दहाव्याला पानात गोगलगायींचा रस्सा वाढायचा, हे मावशीनं आधीच ठरवलं होतं. आमचं घर मासेमारांचं. पाण्यातल्या या गोगलगायी आईला मटणापेक्षा प्रिय. कावळा पानाला शिवला की तोच रस्सा घरच्यांनी प्रसाद म्हणून घ्यायचा, ही आमच्यातली रीत.

आदल्या दिवशी मावशीनं वणीकडच्या नाल्यातून टोपलीभर गोगलगायी आणल्या. वरच्या कोळशाच्या खाणींचं पाणी याच नाल्यात उतरतं. तिनं त्या घागरीतल्या स्वच्छ पाण्यात सोडल्या आणि घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं. रात्रभरात त्या पोटातली माती टाकतात, मग खायला हरकत नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

मी यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. खाणीच्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम मातीसारखं धुऊन जात नाही, अंगात मुरतं. पण सुतकाच्या घरात हे कसं सांगावं, ते सुचेना.

सकाळी मावशीनं फडकं सोडलं. एरवी गोगलगायी घागरीच्या तोंडापर्यंत चढून आलेल्या असतात. या सगळ्या तळाशी पडून होत्या. शंखांची टोकं पांढरी, झिजलेली. बोट लावलं तरी अंग आत ओढून घेईनात.

"निजल्या असतीन," मावशी म्हणाली.

"मावशी, यात विष आहे. कोणाले खाऊ नको घालू."

"मोठी मास्तरीण! तुह्या मायनं जन्मभर खाल्ल्या..."

ती मध्येच थांबली. आई मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली होती. ते कशामुळं झालं, हे डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. मलाही येत नाही.

"बरं, कावळ्यापुरत्या शिजवू," मावशी हळूच म्हणाली. "त्याले काय होते? तो तं मेलेलं बी खाते."

"अन् कावळ्याच्या रूपानं आईच आली तं?"

मावशी घागरीपाशी बसून राहिली. मग उठून तिनं वांगी चिरायला घेतली.

नदीकाठी पान ठेवलं. वरण-भात, वडे, वांग्याची भाजी. आम्ही मागं सरतो न सरतो तोच कावळा शिवला.

"बाई तृप्त होऊन गेली," कुणीतरी म्हणालं.

"ती नोहे ते," मावशी म्हणाली. "गोगलगायी नाही पाहून ती अशी मुकाट्यानं जेवली नसती. रुसली असती."

सगळे घराकडे निघाले. मावशी मात्र पानापाशीच उभी राहिली, दुसऱ्या कावळ्याची वाट पाहत. मीही थांबले.