विहीणबाईंची घरची भाषा

जावई थायलंडचा आहे हे कळल्यावर मी आकांडतांडव केलं नाही, याचं सातासमुद्रापारच्या आमच्या बॉथेल गावातल्या मराठी मंडळींना फार कौतुक वाटलं. मला मात्र वेगळीच काळजी होती. लग्नानंतर त्याची आई गावाकडून कायमची इथे राहायला येणार होती आणि माझी लेक तिच्याबरोबर एका घरात नांदणार होती. त्या बाईला माझ्या लेकीबद्दल खरं काय वाटतं, हे मला कळायला हवं होतं. लेकीला विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आई, रिलॅक्स! शी इज सो स्वीट."

सासू स्वीट असते का कधी?

म्हणून मी थाई शिकायला घेतली. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचं आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडून बँकॉकच्या एका शिक्षकासमोर तोंड वेडंवाकडं करायचं. त्या भाषेत पाच सूर. सूर चुकला की अर्थ गेला. शेजारच्या खोलीतून नवरा विचारायचा, "बरी आहेस ना गं?" वर्षभर डोकेफोड केल्यावर हवापाणी, गुडघे आणि भाजीपाला एवढ्यावर मला बरं बोलता यायला लागलं. तोवर लग्न होऊन विहीणबाई इथे आल्याही होत्या. त्या हसून, मान लववून, एकेक शब्द सुटा करून उत्तर द्यायच्या. माझी लेक कशी आहे विचारलं की म्हणायच्या, "फार चांगली आहे." दर वेळी तेच, त्याच सुरात. एवढं गोड बोलणं ऐकलं की मला झोप लागायची नाही.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला आणि विहीणबाईंचा आवाजच पालटला. भरभर बोलणं, मध्येच खो खो हसणं, मध्येच कपाळाला हात लावणं. माझ्या लेकीचं नाव सारखं येत होतं. बाकी एक शब्द कळला असेल तर शपथ!

जावयाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ओह, दॅट्स इसान, आई. आम्ही घरी तेच बोलतो."

इसान म्हणजे आपलं ईशान्य. थायलंडचा ईशान्येकडचा मुलूख, मेकाँग नदीच्या अलीकडचा. पलीकडे लाओस.

"मग वर्षभर मी झक मारत होते ते सांगायचं नाही का?"

"तुम्ही थाई शिकते म्हणालात. मला वाटलं, हॉबी असेल."

मुलगा बायोटेकमध्ये संशोधन करतो. आणि म्हणे हुशार!

शिक्षकाला सांगितलं, तर तो हसला. ती खेड्यातली बोली, म्हणाला, मालिकांमध्ये मोलकरणी आणि ड्रायव्हर बोलतात ती. तुमच्यासारख्यांना ती कशाला हवी? मी त्याचा क्लास कॅन्सल केला आणि ऑफिसातल्या एका लाओ मैत्रिणीला धरलं. ती म्हणाली, "हे तर आमच्याच घरातलं बोलणं. फक्त तुझ्या विहिणीसमोर याला लाओ म्हणू नकोस आणि माझ्या आईसमोर थाई म्हणू नकोस."

म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात! लंच टाइमात शिकायला लागले, तर निम्मं पाठांतर मोडीत निघालं. बँकॉकचा 'र' इथे जागोजागी 'ह' होतो, तिथलं प्रेम 'रक' तर इथलं 'हक'. तिथला हत्ती 'चांग', इथला 'सांग'. नकारासाठी 'माय' घोकला होता, इथे 'बो'. चविष्टला 'अरॉय' नाही, 'सॅप'. आणि सूर? तेही निराळेच. किती, म्हणून विचारलं तर ती म्हणाली, कुठे पाच, कुठे सहा, गावावर आहे. बारा कोसांवर भाषा बदलते हे मलाही ठाऊक आहे, पण सुरांचा आकडासुद्धा बदलावा?

तरी शिकले. एका शनिवारी विहीणबाईंनी कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर केली होती. मी एक घास घेतला आणि ऐटीत म्हणाले, "सॅप लाय!" फारच चविष्ट.

त्यांचं हसू मावळलं. अगदी स्वच्छ बँकॉकच्या थाईत त्यांनी आभार मानले आणि ताट उचलून आत गेल्या. त्यानंतर आमचं हवापाणीही आटलं.

"आई, तिला वाटलं तुम्ही तिची टिंगल करताय," जावई म्हणाला. तिच्या लहानपणी शाळेत ही भाषा बोललं की मास्तर शिक्षा करायचे. पाहुण्यांसमोर बँकॉकचीच बोलायची, ही सवय तिथून लागलेली.

मला भयंकर चीड आली, कारण हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मी अकोल्याची, लग्न होऊन पुण्याला गेलेली. सासरच्या एक आत्याबाई मला बघितलं की "काय करून राह्यली वं?" म्हणायच्या आणि सगळे हसायचे. त्यांना वाटायचं, आपण प्रेमानं बोलतोय. मी वऱ्हाडी बंद करून टाकली. लेकीनंही ती माझ्या तोंडून कधी ऐकली नाही. ती उरली फक्त अकोल्याच्या बहिणीशी फोनवर बोलण्यापुरती.

पुढच्या रविवारी त्याच बहिणीचा फोन आला, तेव्हा मी विहीणबाईंच्या घरामागच्या डेकवर रुसून बसले होते. सगळा राग बाहेर पडला. "अवं, वर्षभर डोकं फोडलं मी, अन् हे बाई माह्याशी बोलूनच नाही राह्यली! माह्या पोरीबद्दल तिच्या मनात काय आहे, समजतच नाही ना वं! काय करू आता?" बहीण पोट धरून हसली. मग मलाही हसू फुटलं.

फोन ठेवला तर विहीणबाई दारात उभ्या. बँकॉकच्या थाईत त्यांनी विचारलं, "ही कुठली भाषा? तुम्ही मुलीशी अशी बोलत नाही."

"माझ्या माहेरची," मी म्हटलं. "लोक हसतात, म्हणून बोलत नाही."

त्या डेकवर आल्या. मग शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि मला 'उअय' म्हणाल्या. इसानमध्ये उअय म्हणजे थोरली बहीण. आणि मग, थांबत थांबत, मला कळेल अशा बेतानं, त्यांच्या घरच्या भाषेत सुरू झाल्या. तुझी मुलगी आमचा चिकट भात कुकरमध्ये शिजवते. त्याची खळ होते. तो बांबूच्या टोपलीत वाफवायचा असतो, सांगितलं तर ऐकत नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकते. वरून माझीच समजूत घालते!

शब्द न् शब्द कळला. वर्षानुवर्षं ज्या टॉवेलावरून मी घसा कोरडा केला, तोच टॉवेल! माझ्या लेकीची सासू माझ्या तोंडावर तिच्या तक्रारी सांगत होती आणि माझ्या छातीवरचा दगड उतरत होता.

"मॅन लॅओ," मी म्हटलं. अगदी खरं आहे.

आवाज ऐकून लेक बाहेर आली. "आई, व्हॉट्स गोइंग ऑन? तुम्ही दोघी काय बोलताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू जाऊन आधी तो टॉवेल उचल."