चौदा विड्यांचं पान

मोठ्याईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पुस्तक मोजता येत होतं. तिच्या चौदा विड्या वळून होतात तेवढ्यात माझं एक पान वाचून होतं, हे तिने दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. पान म्हणजे दोन्ही बाजू. मी पुढे तीन दिवस मनातल्या मनात पडताळून पाहिलं. एकदा तेरा भरल्या, एकदा पंधरा, बाकी प्रत्येक वेळी चौदाच. मला मोजण्याची खोड आहे असं घरचे आज म्हणतात. ती कुणाकडून आली ते त्यांना ठाऊक नाही.

मोठ्याई ही माझी थोरली चुलती. संगमनेरला एकाच ओट्यावर आमची दोन घरं होती. एकात ती एकटी राहायची, दुसऱ्यात मी आणि वडील. चुलते लवकर गेले होते. माझी आई बहात्तरच्या दिवाळीत काविळीने गेली. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दुष्काळाचं वर्ष, रेशनवर लाल मिलो, अमेरिकेतला जोंधळा, मिळायचा. त्याच्या भाकरी थापायला मोठ्याईने मला शिकवलं. शिकवलं म्हणजे, भाकरी मोडली की मोडलेली माझ्याच ताटात वाढली. चाळीसएक दिवस मी तुकडेच खाल्ले. मग भाकरी मोडायची थांबली.

तिची जीभ कुणालाच सोडत नसे. आईच्या दहाव्याला बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून रडत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "कुरवाळून तिची आय येनार हाय का माघारी? त्यापरीस भांडी घासू लागा तिला." बायका उठून गेल्या. भांडी मी एकटीनेच घासली. पुढे विड्या वळायला बसवलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, त्यावरही तिचं ठरलेलं वाक्य होतं. "रडायचं तर मान मागं करून रड. तंबाखूत पानी पडलं तर इडी जळत न्हाई." यात चेष्टा नव्हती. ओल्या तंबाखूच्या विड्या कारखान्यात खरोखरच बाजूला काढत. मी मान मागे करून रडायला शिकले.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या कपाटातून मी एक कादंबरी आणली. पंधरा दिवसांच्या बोलीवर. तिला पुठ्ठा नव्हता आणि पहिलं पानही नव्हतं, त्यामुळे नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. चौऱ्याऐंशी पानं होती. कुमुद नावाची माझ्याच वयाची मुलगी, तिचे आईवडील, आजी, आणि तिचं मोठं होणं, अशी गोष्ट. मी ओट्यावर बसून मनात वाचत होते. मोठ्याई आणि शेजारच्या हमीदाचाची मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. मोठ्याई म्हणाली, "नुसती व्हट काय हालवतीस? आवाज काढ. आमी काय मेलोय?" तेव्हापासून रोज दुपारी वाचन सुरू झालं. सहा पानं, म्हणजे चौऱ्याऐंशी विड्या, की मी उठायचं आणि पाणी भरायला जायचं.

ऐकताना तिचे हात कधी थांबत नसत. टेंभुर्णीचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखाने तोंड दुमडायचं. पंचवीस झाल्या की एक जुडी. त्यातच तिचे शेरे चालायचे. कुमुद हळवी होती. बारीकसारीक गोष्टीला तिचे डोळे भरून यायचे. मोठ्याई म्हणायची, "हिला एक सूप द्या मांडीवर. दोन दिवसांत गप हुईल." हमीदाचाची हसून हसून दोरा तोडायच्या. कुमुदचे वडील फार थोर मनाचे दाखवले होते, तर ही म्हणे, "एवढा चांगला बाप हाय तर घरात पानी कोन भरतं ते का न्हाई लिवलं?" मी पुस्तकात शोधलं. खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कुमुदच्या धाकट्या भावाचं मरण आलं. तापाने गेला. लेखकाने ते अर्ध्या पानात संपवलं होतं आणि पुढच्या ओळीत आंब्याला मोहोर आला होता. मोठ्याईने शेरा मारला, पण नेहमीच्या आवाजात नाही. "सात इड्यांत पोरगं मेलं. लिवनाऱ्याला लई घाई हुती." हमीदाचाचींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला कारण माहीत होतं. आईने एकदा कुजबुजत सगळं सांगितलं होतं. मोठ्याईला एक मुलगा होता, बाळू. सहा वर्षांचा असताना तो गल्लीच्या टोकाच्या विहिरीत गेला. ही गोष्ट गल्लीत कुणी बोलत नसे. मोठ्याई रोज त्याच विहिरीवर पाणी शेंदायची. त्या वर्षी विहीर आटली, नगरपालिकेचा टँकर तीत पाणी ओतायचा, आणि आम्ही पोरं वाकून तळ बघायचो. ती दोर सोडताना तोंड दुसरीकडे करायची. आईने सांगेपर्यंत ती तिची लकब आहे असं मी समजत होते.

नवव्या दिवशी कुमुदची आई मरणार होती. मी आदल्या दिवशी पुढचं चाळून ठेवलं होतं. ते मला वाचायचं नव्हतं. मनातसुद्धा नाही. मी ठरवलं की कुमुदची आई मरणार नाही. दुपारी वाचायला बसले, दोन पानं नीट वाचली, मग "वैद्य आले, औषध दिलं, हळूहळू आईला उतार पडला," असं म्हणत भराभर पानं उलटली आणि पुढच्या प्रकरणाच्या जवळ जाऊन पोचले.

"थांब," मोठ्याई म्हणाली. हात चालूच होते. "चार पानं उलटलीस आन् माज्या इड्या झाल्या नऊ. मदलं कुटं गेलं?"

मी पुस्तकात मान घातली.

"मेली ना ती?"

"हो."

"मग वाच."

हमीदाचाची म्हणाल्या, "जाने दो अक्का, लेकरू आहे."

"लेकरू हाय म्हनूनच. पुस्तकातली मेली तर हिला वाचवंना, आन् घरातली मेली तिला काय ही पानं उलटून जिती करनार हाय? वाच. गळा दाटला तर पुन्ना वरनं."

मी चार पानं वाचली. तिसऱ्या पानावर आईच्या हातातल्या बांगड्या उतरवतात असं वाक्य होतं. तिथे माझा आवाज फुटला. तिने वरून वाचायला लावलं. पुन्हा फुटला. तिसऱ्या वेळी मी नुसतीच हुंदके देत होते तर ती सूप बाजूला न ठेवता वाट बघत राहिली. गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या वेळी मी ते वाक्य सपाट आवाजात वाचून काढलं, भावपट्टी वाचावी तसं. "झालं," ती म्हणाली. "आता मरंपतूर वाचता यील तुला."

तरी हे मी सोडून दिलं असतं. पण बाराव्या दिवशी भिजवलेली टेंभुर्णीची पानं एका हिरव्या फडक्यात गुंडाळून आली. पानं मऊ राहावीत म्हणून ओल्या कापडात बांधतात. ते कापड म्हणजे आईचं हिरवं लुगडं होतं. मोठ्याईने त्याचे चार तुकडे केले होते. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "सुती हाय. पानी धरतं," ती म्हणाली. एवढंच.

मी पुस्तक उघडलं. सहासष्ट पानं झाली होती, अठरा राहिली होती. मी सदुसष्टाव्या पानावर डोळे ठेवले आणि वाचू लागले. त्या पानावर काय छापलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी वाचलं ते असं.

"कुमुदच्या शेजारी एक बाई राहत होती. ती दारात बसून विड्या वळत असे. एके दिवशी तिचा मुलगा आला आणि म्हणाला, आई, माझा चेंडू विहिरीत पडला, काढून दे. बाई म्हणाली, हात भरलेत, एवढी जुडी होऊ दे. मुलगा म्हणाला, मग मी काढू? बाईने वर बघितलं नाही. ती वळत राहिली. तिची जुडी पूर्ण झाली. तिने हात झटकले, उठली, विहिरीवर गेली. पाण्यावर चेंडू तरंगत होता. नुसता चेंडू."

हमीदाचाचींचं सूप कलंडलं आणि तंबाखू ओट्यावर सांडली. त्यांनी ती गोळा केली नाही. मोठ्याईचे हात चालू होते. पान, तंबाखू, दोरा, नख. मी वाचायची थांबले होते आणि तिच्या विड्या मोजत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. अकरा झाल्या. चौदा झाल्या. एकवीस झाल्या.

"पान उलटलं न्हाईस तू," ती म्हणाली. "हे पुस्तकात न्हाई."

 तिने बाविसावी विडी बांधली आणि सुपाच्या कडेला ठेवली.

"आन् जुडी झाली नव्हती. चार इड्या ऱ्हायल्या हुत्या, तवा आवाज आला."

मग ती उठली. मला वाटलं मारणार. तिने कळशी उचलली, दोर घेतला आणि विहिरीकडे गेली. पाणी घेऊन आली, पुन्हा बसली. संध्याकाळी तिने मला भाकरी दिली, अख्खी. माझ्या वडिलांना तिने कधी काही सांगितलं नाही. मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर तिने मला वाचायलाही कधी सांगितलं नाही. दोन दिवसांनी मी पुस्तक शाळेत परत केलं. अठरा पानं राहिली ती राहिलीच. माफी मागायला मी तीनदा तिच्या दारात गेले होते. प्रत्येक वेळी तिने काहीतरी काम सांगून परत पाठवलं. चौथ्यांदा गेले नाही.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. यजमान नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात होते, तिकडेच संसार मांडला. लग्नात मोठ्याईने मला एक सूप दिलं. पाहुण्या बायका हसल्या. त्यात मी आजही तांदूळ पाखडते.

पुढे वीस वर्षांनी ती डोळ्यांच्या उपचारासाठी नगरला आली आणि चार दिवस माझ्याकडे राहिली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता दिसणार नाही. मी घरी येईपर्यंत कसं सांगावं याचा विचार करत होते, तर रिक्षातच ती म्हणाली, "न्हाई म्हनला ना? मग तोंड कशाला पाडतीस, डोळं माजं हायेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी यजमान कामावर आणि मुलगी शाळेत होती. मोठ्याई भिंतीला टेकून बसली होती. विड्या बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण बोटं पदराच्या काठावर चालायची. वळायची, गुंडाळायची, दुमडायची.

"शके," ती म्हणाली, "ते वाच."

मला वाटलं कुमुदची गोष्ट. म्हटलं, ते पुस्तक शाळेचं होतं मोठ्याई, आता कुठलं मिळणार?

"पुस्तकातलं म्हनत न्हाई मी. हिरीचं."

 मी म्हणाले, "मी लहान होते. चुकले मी."

"ते मी इचारलं का?" ती म्हणाली. मग थोडा वेळ नुसती बोटं चालली. "बाळ्याचं नाव कुनी घेत न्हाई. तुजा बाप मेला, त्यानं कदी घेतलं न्हाई. हमीदा गेली, तिनं न्हाई. मला वाईट वाटंल म्हनून समदे गप. तू एकलीच तोंडावर म्हनलीस. त्या पुस्तकवाल्यानं तर सात इड्यांत उरकलं हुतं. वाच."

मी उठले. मुलीचं इतिहासाचं पुस्तक टेबलावर होतं, ते घेतलं आणि तिच्यासमोर बसले. ते मधेच कुठेतरी उघडलं. हातात पुस्तक नसताना मला ते म्हणता आलं नसतं. वाचू लागले. एक बाई होती, विड्या वळत असे. या वेळी मी मुलाचं नाव घेतलं. "बाळू आला आणि म्हणाला," असं वाचलं, तेव्हा तिची बोटं थबकली आणि पुन्हा सुरू झाली. "बाईला ऐकू आलं नाही," असं मी वाचायला गेले.

"आसं नव्हतं," ती म्हणाली. "नीट वाच. वगळू नगंस."

मी वरून सुरुवात केली. हात भरलेत, एवढी जुडी होऊ दे, असं वाचलं. बाईने वर बघितलं नाही, असं वाचलं. गळा दाटला नाही. तिनेच तसा करून ठेवला होता. शेवटी "जुडी पूर्ण झाली" या जागी मी वाचलं, "चार विड्या राहिल्या होत्या, तेव्हा आवाज आला." चेंडूपर्यंत आले. नुसता चेंडू, म्हणाले आणि थांबले. तिच्या बोटांच्या बारा विड्या झाल्या होत्या.

ती तशीच बसून होती, आंधळे डोळे माझ्या हाताकडे लावून. पदरावर तेरावी वळून झाली. मग चौदावी. बोटं थांबली.

मी पान उलटलं, तिला ऐकू जाईल असं.